सिलिकॉनचा पहिला साचा चिकट राहिला, दुसऱ्याआधी सल्ला हवाय

मातकट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय. लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

मी मातीत काम करते. रीतसर शिकलेली नाही, हौशीच, पण आठ-दहा वर्षं हात मातीत आहेत. साच्याच्या वाटेला कधी गेले नाही कारण एक वस्तू एकदाच करायची आणि मोकळं व्हायचं असा स्वभाव. आता डोक्यात जे बसलंय त्यात एका भिंतीतून 21 हात बाहेर आलेले दिसायला हवेत, आणि सगळे एकाच बाईचे, म्हणजे हात तोच, फक्त प्रत्येक वेगळ्या कोनात फिरवलेला. तोच हात 21 वेळा मातीत करणं मला तरी जमणार नाही, चौथ्यापासून माझा कंटाळा बोटांत दिसायला लागेल. म्हणून साचा.

हात ऑइल क्लेमध्ये (तेलावरची, न वाळणारी माती) केलाय, मनगटाच्या थोडा वर संपतो, लांबी 24 सेंमी. मूठ उघडता उघडता थांबलीय अशी बोटं अर्धवट वळलेली, अंगठा जरा बाहेर. महिनाभर बसले होते त्यावर, नखांच्या कडेची कातडी वगैरे सगळं.

सिलिकॉन आणलं ते प्लॅटिनमवालं, ए आणि बी समसमान मिसळायचं. पुठ्ठ्याचं खोकं केलं, कडा ग्लू गननी बंद केल्या, हात उभा ठेवला, ओतलं, रात्रभर ठेवलं. सकाळी वरून बोट लावलं तर छान रबर, म्हटलं जमलं की! खोकं सोलून काढलं, ब्लेडनी कापत आत गेले आणि हाताला टेकलेला सगळा थर चिकट. डिंकासारखा. नखांत, बोटांच्या बेचक्यात, सगळीकडे ओघळ. आणि चिडायची गोष्ट म्हणजे बाहेरच्या बाजूला पुठ्ठ्याच्या नागमोडी रेघासुद्धा स्वच्छ उतरल्यात, मला हवा तो हात तेवढा नाही.

मिसळण्यात चुकलं का? थंडीमुळे झालं का? अजून दोन दिवस ठेवला असता तर झाला असता का? दुसरा डबा उघडायचा धीर होत नाहीये.

उलटा साचा

पुठ्ठ्याकडे सेट झालं आणि मातीकडे नाही, म्हणजे उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. मिसळण्यात चुकलं असतं तर चिकटपणा कुठेही ठिगळाठिगळांनी दिसला असता. थंडीत वेळ जास्त लागतो हे खरं, पण थंडी काय फक्त मातीलाच वाजते का?

तुमच्या क्लेमध्ये गंधक असणार. बऱ्याच ऑइल क्लेमध्ये असतं, त्याने माती मऊसूत राहते आणि कोरायला मजा येते. पण प्लॅटिनम सिलिकॉन ज्या प्लॅटिनमच्या जिवावर सेट होतं ते त्यात अगदी कणभर असतं आणि गंधक नेमकं त्यालाच धरून बसतं. मग लगतचा थर सेट होतच नाही, दोन दिवस काय नि दोन वर्षं काय. मातीचा गोळा मळून जरा कोमट करा आणि नाकाशी धरा. काडेपेटीचा वास आला की समजा.

रिकामा डबा

ग्लोव्हज कुठले घातले होते?

मातकट

गोळा नाकाशी धरला. वास येतोय. महिनाभर त्याच मातीत बसलेय आणि मला कधी जाणवलं नाही!

ग्लोव्हज साधे पांढरे, लॅटेक्सचे. का, ते पण?

रिकामा डबा

ते पण. लॅटेक्सच्या ग्लोव्हजनी हात चाचपून गुळगुळीत केला असेल तर तेवढ्यानेही प्लॅटिनम सिलिकॉन सेट व्हायचं थांबतं. नायट्राइल किंवा विनाइल घाला. मी एकदा तीन दिवस डोकं खाजवलं होतं, माती बिनगंधकाची, काटा बरोबर, सगळं बरोबर, आणि साच्यावर चिकट डाग कसले तर माझ्याच पाच बोटांच्या आकाराचे.

सरळ रेघ

यूट्यूबवर हजार व्हिडिओ आहेत की, धागा कशाला?

मातकट

>>> यूट्यूबवर हजार व्हिडिओ आहेत की

त्यातले पन्नास बघूनच ओतलं होतं. पन्नासच्या पन्नास जणांचं मस्त सेट झालं.

जुनी कानस

मातकट ताई, पहिलं नुकसान सगळ्यांचंच होतं, मनाला लावून घेऊ नका. पंचवीसेक वर्षं फायबर आणि ओतकाम करतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

सिलिकॉन मुख्यतः दोन जातीचं. एक टिनवालं, त्यात हार्डनर थोडा असतो, बहुतेक वेळा 100 ला 10 किंवा त्याहूनही कमी, वजनावर. दुसरं तुम्ही आणलंत ते प्लॅटिनमवालं, जास्त करून समसमान. प्लॅटिनमवालं आकसत नाही म्हटलं तरी चालेल, 0.1 टक्क्याच्याही आत, आणि साचा वर्षानुवर्षं टिकतो. पण मिजास फार. गंधक चालत नाही, लॅटेक्स चालत नाही, अमाइन हार्डनरचं ताजं इपॉक्सी चालत नाही, रेझिनचे थ्रीडी प्रिंट नीट धुऊन वाळवून क्युअर केलेले नसले तर ते चालत नाहीत, आणि टिनचं सिलिकॉन म्हणजे तर सवतच. टिनवालं बिचारं मातीतल्या गंधकाला जुमानत नाही. पण ते सेट होताना त्यातून थोडं अल्कोहोल उडून जातं, म्हणून ते हळूहळू आकसतं, टक्क्याच्या आसपास समजा, आणि काही वर्षांनी साचा कडक होऊन फाटायला लागतो.

24 सेंमीच्या हातात टक्काभर आकसलं म्हणजे अडीच मिलिमीटर. भिंतीवरच्या हाताला त्याने काय फरक पडतोय? आणि 21 नग काढून झाल्यावर साचा कुणाला हवाय? मूळ हात गंधकाच्या मातीतच असेल तर सरळ टिनवालं घ्या. वरून लॅकर मारून प्लॅटिनम ओता असं सांगणारे भेटतील, कधी जमतं कधी नाही, महिन्याची मेहनत त्यावर लावू नये.

आणि काहीही ओतायच्या आधी चाचणी. त्याच मातीचा सुपारीएवढा गोळा, त्यावर चमचाभर सिलिकॉन, एक रात्र. एवढं केलं असतं तर हा धागा निघाला नसता, पण मग आम्हाला बोलायला कुठे मिळालं असतं म्हणा.

उलटा साचा

+१. फक्त चाचणीच्या वेळी काटा बघा. एक ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा काटा असेल तर 50 ग्रॅम सिलिकॉनला 5 ग्रॅम हार्डनर मोजताना एक ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे सरळ 20 टक्के चूक. चाचणी फसते आणि आपण मातीला शिव्या घालतो. लहान घाण्याला 0.1 ग्रॅमचा काटा हवाच.

शाईचा डाग

एक बावळट शंका. एवढं करण्यापेक्षा खऱ्या हाताचाच साचा का घेत नाहीत? हात बुडवायचा आणि काढायचा, झालं.

मातकट

बावळट कशाने, मीही आधी तोच विचार केला होता. पण हा हात कुणाचा नाहीये. बोटं खऱ्यापेक्षा थोडी लांब आहेत आणि सांधे जरा जास्त सुजलेले. खऱ्या हाताचा साचा घेतला की तो फोटोसारखा वाटतो, मला तो नकोय.

रिकामा डबा

शाईचा डाग, ज्यांना खरा हात घ्यायचाय त्यांच्यासाठी अल्जिनेट. दातांचे डॉक्टर माप घेतात तेच, समुद्री शेवाळापासून करतात. गार पाण्यात कालवलं तर जरा जास्त वेळ मिळतो, काही मिनिटांत जेलीसारखं घट्ट होतं, हात सुळकन बाहेर. पण त्यात प्लास्टर लगेच ओतायचं, ठेवून दिलं की पाणी उडतं आणि साचा आक्रसतो. एका साच्यात साधारण एकच नग.

आणि हे मोठ्यांदा ओरडून सांगतो: प्लास्टरच्या बादलीत हात कधीही घालून ठेवायचा नाही. प्लास्टर घट्ट होताना तापतं, जाड गोळा असेल तर चटका बसून कातडी जाईल इतकं, आणि तोवर ते दगड झालेलं असतं, हात ओढून निघत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर विचारही नको. साध्या साच्याचं सिलिकॉनही अंगावर लावायचं नाही, त्याचं अंगाला चालणारं वेगळं येतं.

जुनी कानस

वरचा प्रतिसाद चौकट करून लावावा असा आहे.

मातकट

ठरलं, टिनवालं आणते. मूळ हात टर्पेंटाइनच्या ब्रशने साफ केला, चिकट थर निघाला पण नखं पार विरघळली, ती परत करतेय. आता प्रश्न प्रमाणाचा. मागच्या वेळी नुसतं अंदाजाने ओतत गेले आणि खोकं काही भरेचना.

उलटा साचा

आधी हाताचं आकारमान काढा. बादली काठोकाठ भरा, खाली परात, हात बुडवा, सांडलेलं पाणी मोजा. मातीचा हात बुडवायचा नसेल तर तेवढ्याच मापाचा स्वतःचा बुडवा.

मातकट

माझा बुडवला, त्याच रेषेपर्यंत. परातीत 500 मिलीला थोडं कमी पाणी आलं. पाच मिनिटं त्या पाण्याकडे बघत बसले, आपला हात म्हणजे एवढंच.

उलटा साचा

छान. मागचं खोकं केवढं होतं, साधारण 15 × 12 × 26? म्हणजे 4680 मिली. त्यातून हाताचे 500 गेले, उरले 4180. सिलिकॉनचं वजन पाण्यापेक्षा किंचित जास्त, 1.1 ने गुणा, साडेचार किलोच्या वर झालं. कोपऱ्याकोपऱ्यांत नुसतं रबर भरलंत. हाताच्या आकाराला धरून जवळून खोकं बांधलंत तर दोनेक किलोत होईल.

जुनी कानस

दोन किलो तरी कशाला? ब्रशने लावा. एवढ्या हाताचा पृष्ठभाग साधारण 480 चौरस सेंमी धरा, 8 मिमी जाडी, म्हणजे 384 मिली, सव्वाचारशे ग्रॅम. वाटीला चिकटलेलं, बोटांच्या फटीत गेलेलं सगळं धरून पाऊण किलोत साचा तयार. वरून प्लास्टर बँडेजचं दोन भागांचं कवच. हातमोज्यासारखा सोलून निघतो, म्हणूनच याला ग्लव्ह मोल्ड म्हणतात.

उलटा साचा

काका, नवशिक्याला ब्रशचा साचा सांगताय? थर कमी-जास्त होणार, कवचात नीट बसणार नाही, रेझिन ओतल्यावर हाताला पोट सुटणार. ठोकळ्याचा साचा एकदा ओतला की झाला, वरून नागमोडी काप द्यायचा, तो आपला आपण बरोबर जुळतो. मी तरी ठोकळाच सांगेन.

जुनी कानस

ठोकळ्यातून अर्धवट वळलेली बोटं 21 वेळा काढून दाखवा. जाड रबर वाकत नाही हो. पहिल्या तीन नगांत करंगळी जाईल, मग साचा जाईल.

उलटा साचा

मऊ घ्यायचं मग. शोर ए (रबराच्या कडकपणाचं माप) 10-15 घेतलं तर वाकतं की.

जुनी कानस

वाकतं आणि फाटतं. शोर 20-25 मधलं ब्रशने लावा, तेवढं पुरे. ताई, दोघांचं ऐकलंत, आता तुमचं तुम्ही ठरवा. मी काय करायचं ते लिहून ठेवतो.

पहिला थर पातळ, त्यात घट्ट करायचं काहीच घालायचं नाही, कारण बारकावे हाच उचलतो. लहान ब्रशने नखांत, रेषांत दाबून बसवायचं, वर फुंकर मारायची म्हणजे बुडबुडे फुटतात. बोट लावलं तर चिकटेल पण बोटाला येणार नाही अशी अवस्था आली की दुसरा थर. दुसऱ्यापासून घट्ट करायचं द्रव्य घाला, नाहीतर सगळं ओघळून मनगटाशी जमा होतं. प्रत्येक थरात थेंबभर वेगळा रंग टाका, म्हणजे कुठे लागलं कुठे राहिलं ते दिसतं, माझ्या उस्तादांनी शिकवलेली एकमेव गोष्ट जी मी कधी मोडली नाही. असे चार थर.

आता खरी मेख. बोटांच्या मधल्या फटी बाहेरून घट्ट सिलिकॉनने भरून गुळगुळीत करायच्या. बाहेरून खाच राहिली तर प्लास्टरचं कवच त्या खाचेत अडकून बसतं, मग ना कवच निघतं ना साचा. कवचाच्या दोन भागांच्या मधे मातीची भिंत घाला, तिला खळगे पाडा म्हणजे दोन्ही भाग नंतर जागेवर बसतात, पहिल्या भागाच्या कडेला व्हॅसलीन. कवच झाल्यावर मग सिलिकॉनला करंगळीच्या बाजूने मनगटापासून अर्ध्या तळव्यापर्यंत काप. सरळ नको, वाकडातिकडा. गरजेपुरताच कापा, जास्त कापून परत शिवता येत नाही.

पहाटवारा

धाग्यात थोडी माझ्या पराक्रमाची भर. दोन भागांचा सिलिकॉनचा साचा करत होतो, पहिला भाग झाला, दुसरा ओतला, मधे व्हॅसलीन लावायचं राहिलं. सिलिकॉनला दुसरं काही चिकटत नाही पण सिलिकॉनला सिलिकॉन असं चिकटतं की पुन्हा वेगळं होणे नाही. आत मूळ मूर्ती, बाहेर चहूबाजूंनी अखंड रबर. दोन तास सर्जरी केली, मूर्तीचा एक कान कायमचा गेला.

रिकामा डबा

काचेलाही चिकटतं बरं का, चकचकीत चिनी मातीलाही. मूळ वस्तू तसली असेल तर आधी रिलीज एजंट (चिकटू न देणारं द्रव्य) लावाच. प्लास्टरचं मूळ असेल तर शेलॅकचे (लाखेच्या रोगणाचे) दोन थर मारून मग.

शाईचा डाग

अवांतर: सिलिकॉन यायच्या आधी लोक काय करायचे म्हणून वाचलं तर मजा आली. सरस! जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस वितळवून मूर्तीवर ओतायचे, गार झाला की रबरासारखा सोलायचा. प्लास्टरच्या उष्णतेने तो आतून वितळायचा म्हणून पृष्ठभागाला तुरटीचं पाणी लावून घट्ट करायचे. चार-सहा नग निघाले की साचा खराब, मग तोच वितळवून पुन्हा नवा. नाहीतर प्लास्टरचेच खूप तुकडे जोडून साचा, जिथे अडकेल तिथे नवीन तुकडा, म्हणून जुन्या प्लास्टरच्या पुतळ्यांवर बारीक शिवणींचं जाळं दिसतं. सिलिकॉनचा कारखानदारी माल तर 1940च्या दशकातला.

अजून एक अवांतर, कॉम्प्युटरच्या चिपमधलं सिलिकॉन वेगळं आणि हे रबर वेगळं, इंग्रजीत शेवटी एक अक्षर जास्त आहे. मराठीत मात्र दोघं एकाच नावाने नांदतायत. या रबराच्या घराण्याला नाव दिलं फ्रेडरिक किपिंग नावाच्या केमिस्टने, त्याला रचना कीटोनसारखी वाटली म्हणून, आणि ती तशी नाहीच. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

सरळ रेघ

सरसाचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली. (धागा कशाला हा माझा प्रश्न मागे घेतो.)

मातकट

तीन आठवड्यांनी अपडेट!

काकांचं ऐकलं, ब्रशने केला. पहिला थर पांढरा, दुसरा निळा, तिसरा पांढरा, चौथा निळा. रंगाची युक्ती नसती तर अंगठ्याच्या बेचक्यात दुसरा थर लागलाच नव्हता ते कळलंच नसतं, निळ्यामधे नखाएवढं पांढरं दिसत होतं. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती की हा प्रकार दिवस खातो. एक थर सेट व्हायची वाट बघायची, फार सेट झाला तरी पंचाईत, म्हणून घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी बोट लावून बघत होते.

सोलला तेव्हा हात थरथरत होते. आत एक थेंब चिकट नाही!! दुसऱ्यांदा केलेली नखं पहिल्यापेक्षा चांगली झाली होती, तीही उतरलीत, आणि तळव्यावर माझ्या स्वतःच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता तो रेषांसकट उतरलाय. तो पुसायचा राहिला की राहू द्यायचा हे ठरत नाहीये.

पहिला नग प्लास्टरमध्ये काढला, नुसती चाचणी म्हणून. सोलताना तर्जनी मोडली. मग पॉलियुरेथेन रेझिन (ओतल्यावर कडक प्लास्टिक होतं ते) आणलं, त्यात नवीन घोळ: बोटांची टोकंच येत नाहीत. मधल्या बोटाला नख आहे पण त्याखालचं बोट नाही, नुसती पोकळी. आणि दुसऱ्या नगाला तर मनगटाशी चक्क फेस आला, पावासारखा फुगला.

रिकामा डबा

फेस म्हणजे पाणी. पॉलियुरेथेनला ओलावा लागला की त्यातून वायू सुटतो. साचा पाण्याने धुतलात का? लाकडी काडीने ढवळलंत का? लाकडात दमटपणा असतोच. प्लास्टिकची काडी घ्या, साचा पूर्ण कोरडा आणि जरासा कोमट करून घ्या, आणि डबा उघडला की झाकण लगेच बंद.

मातकट

धुतला होता. आणि काडी लाकडाची. दोन्ही!

उलटा साचा

टोकांचं असं आहे की तुम्ही मनगट वर धरून ओतता तेव्हा वळलेल्या बोटांची टोकं आतल्या बाजूने परत वर आलेली असतात, तिथली हवा जाणार कुठे? एकदम ओतू नका. साचा आधी कोरड्या टाल्कमने भुरभुरवून झटका, रेझिन पृष्ठभागावर नीट पसरतं. मग थोडंसंच रेझिन घ्या, साचा तळवा जमिनीकडे होईल असा कलता करा म्हणजे टोकं खाली येतात, बोटं भरू द्या, आणि मग सरळ करून बाकीचं ओता. अंगठ्यासाठी एकदा बाजूला कलवा. त्याआधी बारक्या ब्रशने टोकांना रेझिन लावून घेतलंत तर अजून बरं, पण हात चालवायला लागतो, अशा रेझिनला दोन-तीन मिनिटंच मिळतात.

प्रेशर पॉट (बुडबुडे दाबून टाकायची हवेच्या दाबाची टाकी) वापरायचा सल्ला कुणी दिला तर थांबा. साचा करताना सिलिकॉनमधली हवा व्हॅक्यूमने काढलेली नाहीये. दाबाखाली रबरातले बुडबुडे दबतात, तिथे खळगा पडतो आणि हातावर चामखिळी उगवतात. आणि दाबाची टाकी त्याच कामाला बनवलेलीच हवी, कुठलंही भांडं बंद करून हवा भरली असला प्रकार नको.

जुनी कानस

मी जोडतो. 21 हात भरीव का ओतताय? दहा लिटरच्या वर रेझिन लागेल. आणि जाड गोळ्यात रेझिन जास्त तापतं, त्या उष्णतेने साचा लवकर मरतो. थोडं ओतायचं, साचा हातात घेऊन सगळीकडून फिरवत राहायचं, घट्ट होईपर्यंत. मग दुसरं घाणं, परत फिरवायचं. बोटं तशीही भरीवच होतात, तळवा आणि मनगट पोकळ राहतं, चार-पाच मिमी पुरे. शेवटच्या घाण्यात मनगटात नट बसवून टाका, भिंतीला बोल्टने लागेल, नाहीतर नंतर भोकं पाडत बसाल.

फिरवण्यात टोकांचा प्रश्नही सुटेल, कारण रेझिन सगळीकडे जाऊन येतं.

खिडक्या उघड्या ठेवा. या रेझिनमधल्या आयसोसायनेटने दमा होऊ शकतो, आणि एकदा अंगाला त्याचं वावडं झालं की जन्माचं झालं. घासताना मास्क. फायबरचं पॉलिएस्टर कुणी वापरणार असेल तर हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) एकमेकांत सरळ कधी मिसळू नका, स्फोट होतो, एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मग दुसरं. हार्डनर मोजताना चष्मा, डोळ्यात गेला तर डोळा जातो. हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही, आमच्या शेडमध्ये एकाचा डोळा थोडक्यात वाचलाय, शेजारी नळ होता म्हणून.

पहाटवारा

शिवण कशी दिसतेय मातकट? फोटू टाका की.

मातकट

फोटो तिरप्या उजेडात काढून टाकते. शिवण करंगळीच्या कडेने जाते, कागदाएवढी जाड. पहिले सहा हात मी ती घासून काढली, ओल्या पॉलिश पेपरने, एकेका हाताला तासभर. सातव्याला कंटाळा आला म्हणून तशीच ठेवली आणि सगळे ओळीने मांडले तर तो सातवा जास्त खरा दिसत होता, जखम भरून आल्यासारखा. आता सहा घासलेल्यांचं काय करू?

जुनी कानस

आम्ही आयुष्यभर शिवणी घासत आलो आणि तुम्ही ठेवायच्या म्हणताय. ठेवा बापडे. पण मग सगळ्यांवर नीट ठेवा, अर्धी घासलेली शिवण वाईट दिसते.

शाईचा डाग

मी असतो तर सहा गुळगुळीत आणि पंधरा शिवणीचे तसेच लावले असते.

मातकट

बाराव्याच्या वेळी टाल्कम संपलं होतं म्हणून तसाच ओतला, लगेच फरक दिसला, हाताच्या मागच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. त्याला बाजूला ठेवलाय. अंगठ्याचा ठसा राहू दिला, सगळ्या तळव्यांवर आहे.

मातकट

21वा आज सकाळी काढला. बाराव्याच्या बदल्यात एक जास्तीचा धरून 22 ओतले. शेवटच्या दोन नगांना साचा आतून कोरडा, पांढुरका पडला होता, सोलायला जोर लागायला लागला आणि शेवटचा सोलताना मधल्या बोटाच्या टोकाशी अर्धा सेंमी फाटला. तेविसावा निघाला नसता. मोडक्या तर्जनीचा प्लास्टरचा हात खिडकीत ठेवलाय.

काका, फाटका साचा आता टाकून देऊ का?

जुनी कानस

टाकू नका, बारीक तुकडे करून डब्यात भरून ठेवा. पुढच्या वेळी ठोकळ्याचा साचा ओतलात तर कोपऱ्यांत भरायला होतात, नवं सिलिकॉन वाचतं. फक्त डब्यावर ठळक अक्षरात "टिन" लिहा. ते तुकडे प्लॅटिनमवाल्यात गेले तर परत पहिल्या पोस्टपासून सुरुवात.